एफटेल: फाइलमध्ये आपण नेमके कुठे आहोत, हे सी लँग्वेजला कसं कळतं?

वर्तकनगरहून बसमध्ये बसलात. फोनवर मोठी फाइल डाउनलोड होतेय आणि ठाणे स्टेशन येईपर्यंत नेट गेलं. रात्री घरी वाय-फाय लावलं, तर डाउनलोड पुन्हा शून्यापासून नाही, थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. हे कसं होतं? कारण किती बाइट्स आले, याची नोंद कुणीतरी ठेवलेली असते. सी लँग्वेजमध्ये फाइल हाताळताना हीच नोंद सांगणाऱ्या फंक्शनचं नाव आहे एफटेल.

इंजिनीअरिंग किंवा डिप्लोमाला असाल, तर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' वाचताना फाइल हँडलिंगचा धडा तुम्हाला भेटलाच असेल. पाठ करण्याऐवजी तो समजून घेऊया.

एफटेल नेमकं काय करतं?

वाचण्यासाठी फाइल उघडली की एक अदृश्य खूण पहिल्या बाइटवर, म्हणजे शून्यावर असते. पोथीत ठेवलेल्या मोरपिसासारखी. एक बाइट वाचला की खूण एक घर पुढे सरकते. खूण आत्ता कुठे आहे, हे एफटेल सांगतं. ती हवी तिथे हलवायचं काम एफसीकचं. सुरुवातीपासून, आत्ताच्या जागेपासून किंवा शेवटापासून किती बाइट्स सरकायचं, हे त्याला सांगावं लागतं. थेट सुरुवातीला यायचं असेल तर रिवाइंड.

याचा उपयोग काय?

समजा, प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद 64 बाइट्सची आहे. 50 वी नोंद हवी, तर आधीच्या 49 वाचायची गरज नाही. 49 गुणिले 64, म्हणजे 3136 व्या बाइटवर उडी मारायची.

मराठी मजकुरात गंमत कुठे होते?

एफटेल अक्षरं मोजत नाही, बाइट्स मोजतं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट्स घेतं. काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा! 'वर्तकनगर' आपल्याला 6 अक्षरं दिसतात, पण आत चिन्हं 8 आहेत: व, र, हलन्त, त, क, न, ग, र. म्हणजे 24 बाइट्स.

आता फाइलमध्ये 'वर्तकनगर ठाणे' असं लिहिलंय. '6 अक्षरं आणि एक स्पेस' असा हिशेब करून तुम्ही 7 व्या जागेवर उडी मारली, तर 'ठाणे' मिळणार नाही. तुम्ही हलन्ताच्या मधोमध पडाल आणि स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतील. 'ठाणे' सुरू होतं 25 वर.

म्हणून जागा अंदाजाने मोजू नका. लिहिताना एफटेलला विचारा, आकडा जपून ठेवा आणि परतताना तोच एफसीकला द्या.

कुठे फसायला होतं?

पहिली चूक: उत्तर न तपासणं. गडबड झाली तर एफटेल उणे 1 देतं. तोच आकडा फाइलचा आकार समजून पुढे वापरला, तर प्रोग्राम कोसळू शकतो.

दुसरी: टेक्स्ट मोड. विंडोजवर ओळ संपताना फाइलमध्ये 2 बाइट्स असतात, पण प्रोग्रामला एकच दिसतो. बाइट्सचा हिशेब करायचा असेल, तर फाइल बायनरी मोडमध्ये उघडा.

तिसरी: मोठ्या फाइल्स. एफटेलचं उत्तर 'लाँग' प्रकारात येतं. विंडोजवर, अगदी 64-बिट असलं तरी, लाँग 32 बिटचाच असतो. त्याची मर्यादा 2,14,74,83,647, म्हणजे साधारण 2 जीबी. लग्नाचा एक व्हिडिओसुद्धा याहून मोठा असू शकतो! तिथे लिनक्सवर एफटेलो आणि विंडोजवर एफटेलआय64 वापरतात.

तोंडी परीक्षेत 'एफटेल काय देतं?' असं विचारलं, तर 'पोझिशन' एवढंच सांगून थांबू नका. सुरुवातीपासून किती बाइट्सवर, आणि चुकलं तर उणे 1, हेही सांगा.