आजीला इंग्रजी येत नसले तरी चालेल

मुलांच्या प्रत्येक ‘का?’ला उत्तर देणे कोणत्याच आईवडिलांना जमत नाही. पण उत्तर देता आलेच पाहिजे, असे कुठे आहे? दिल्लीतील एका भिंतीपासून सुरू झालेली ही हकिकत पालकांनी आणि विशेषतः आजी-आजोबांनी वाचण्याजोगी आहे.

दक्षिण दिल्लीतील कालकाजी भागात एनआयआयटी या संगणक प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीचे कार्यालय होते. अलीकडे वातानुकूलित खोल्या, मध्ये कुंपणाची भिंत आणि पलीकडे झोपडपट्टी. २६ जानेवारी १९९९ रोजी या भिंतीला भोक पाडून त्यात एक संगणक बसवण्यात आला. त्याचा पडदा झोपडपट्टीच्या बाजूला होता. माऊसऐवजी बोट फिरवायचे टचपॅड होते आणि इंटरनेटची जोडणीही दिलेली होती. जवळ शिक्षक नव्हता की सूचनांचा फलक नव्हता. ही कल्पना कंपनीतील शास्त्रज्ञ डॉ. सुगत मित्रा यांची. मुलांना काही शिकवायचे नाही, फक्त काय होते ते पाहायचे, एवढाच त्यांचा हेतू.

आठ-एक तासांत वस्तीतील मुले इंटरनेटवर भटकू लागली होती आणि एकमेकांना भटकायला शिकवतही होती. त्यांतील कोणालाही धड इंग्रजी येत नव्हते. पडद्यावर फिरणाऱ्या बाणाला काय म्हणतात हे सांगायला कोणी नव्हते, म्हणून त्यांनी त्याचे नाव ‘सुई’ ठेवले. संगणक कामात गुंतला की वाळूच्या घड्याळाचे चित्र दिसे. मुलांनी वाळूचे घड्याळ कधी पाहिलेले नव्हते, पण शंकराच्या हातातील वाद्य पाहिलेले होते. त्यामुळे ते चित्र झाले ‘डमरू’. संगणकशास्त्राच्या पुस्तकातले शब्द यापेक्षा अधिक समर्पक आहेत असे म्हणवत नाही!

अर्थात शंकेखोर माणसे सगळीकडेच असतात. तुमचाच एखादा विद्यार्थी रस्त्याने जाता जाता मुलांना शिकवून गेला असेल, असे मित्रांना सांगण्यात आले. मग त्यांनी मध्य प्रदेशातील शिवपुरी गाठली. तिथे असे शिकवणारे कोणी फिरकण्याची शक्यताच नव्हती. शाळा सोडलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने टचपॅडवर बोट फिरवत फिरवत रहस्य शोधून काढले आणि संध्याकाळपर्यंत सत्तरएक मुलांना ते कळले, असे मित्रा सांगतात. उत्तर प्रदेशातील मदनतुसी या खेड्यात तर इंटरनेटही नव्हते, नुसत्या सीडी ठेवलेल्या होत्या. काही महिन्यांनी ते परत गेले, तेव्हा मुलांनी अधिक वेगवान प्रोसेसर आणि चांगला माऊस मागितला. हे शब्द कुठून शिकलात, असे विचारल्यावर मुलांनी जरा कुरकुरतच उत्तर दिले, की तुमचे यंत्र इंग्रजीतच बोलते, तेव्हा आम्हाला आधी इंग्रजी शिकावे लागले.

पुढे देशात अनेक ठिकाणी असे संगणक बसले. महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काही खेड्यांतही ते पोचले. परराष्ट्र सेवेतील विकास स्वरूप यांना कादंबरी लिहिण्याची प्रेरणा या प्रयोगातून मिळाली आणि त्या कादंबरीवर २००८ साली ‘स्लमडॉग मिलेनियर’ हा चित्रपट निघाला. २०१३ साली मित्रांना दहा लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाला.

नुसती भिंत पुरत नाही

इथवरची गोष्ट इतकी गोड आहे की ती सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. जणू मुलांपुढे यंत्र ठेवले की पालकांची सुटका झाली! तसे मुळीच नाही. २००० साली दिल्ली सरकारच्या पुढाकाराने एका गरीब वस्तीत असे संगणक लागले. अमेरिकेतील संशोधक मार्क वॉर्शॉअर यांनी तिथे जाऊन पाहिले तेव्हा इंटरनेट क्वचितच चालू असे, हिंदीत वाचण्यासारखे काही नव्हते आणि मुले बहुतेक वेळ चित्रे रंगवण्यात नाहीतर खेळ खेळण्यात घालवत होती. पालकांच्या मनातही दोन्ही होते. कौतुक होते, आणि अभ्यास बुडतो म्हणून काळजीही होती. पायल अरोरा या संशोधिकेला उत्तराखंडमध्ये अशा प्रयोगाच्या जागी पुढे फारसे काही उरलेले आढळले नाही.

म्हणजे जिज्ञासा दार उघडते, पण आत गेल्यावर मूल किती वेळ टिकेल हे आणखी कशावर तरी अवलंबून असते. कशावर, याचे उत्तर खुद्द मित्रांच्याच एका प्रयोगातून मिळाले.

तामिळनाडूतील कलिकुप्पम या खेड्यात त्यांनी संगणकावर डीएनएविषयीची माहिती ठेवली, तीही इंग्रजीत. तमिळ बोलणाऱ्या शाळकरी मुलांना हे आपले आपण समजणार नाही, अशी त्यांची खात्री होती. सुरुवातीच्या चाचणीत मुलांना अर्थातच शून्य गुण पडले. दोन महिन्यांनी मुले म्हणाली, काही समजले नाही. पण एका मुलीने हळूच पुस्ती जोडली, की डीएनएची नक्कल चुकली की आनुवंशिक आजार होतात, एवढे सोडले तर काही समजले नाही! गुण शंभरापैकी तीसपर्यंत गेले होते.

पुढे न्यायचे तर शिक्षक हवा, आणि जैवतंत्रज्ञान शिकवणारा शिक्षक त्या खेड्यात मिळणे शक्य नव्हते. तेव्हा मित्रांनी तिथल्या एका संस्थेत हिशेब लिहिणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणीला विनंती केली. मुलांशी तिची गट्टी होती, विषयाची मात्र तिला काहीच माहिती नव्हती. तिने फक्त मुलांच्या मागे उभे राहायचे आणि आजी जसे नातवंडांचे करते तसे करायचे. ‘अरे वा! हे कसे केलेस? आता पुढे काय? मला नसते बाई जमले!’ आणखी दोन महिन्यांनी गुण पन्नासवर गेले. दिल्लीतील एका चांगल्या खासगी शाळेत, प्रशिक्षित शिक्षकाच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांनाही जवळजवळ तेवढेच पडले होते.

‘आजीची पद्धत’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. पुढे ब्रिटनमधील आजीबाई संगणकाच्या पडद्यावरून भारतातील मुलांशी गप्पा मारू लागल्या. पुरस्काराच्या पैशांतून २०१४ च्या सुमारास ज्या मोजक्या खोल्या उभ्या राहिल्या, त्यांतील एक कालकाजीतीलच मुलींच्या सरकारी शाळेत आणि एक आपल्या फलटणला, डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत होती.

आपल्या घरातल्या आजी

आता नोएडा, गुडगाव, द्वारका इथल्या मराठी घरांकडे वळू. आईवडील दोघेही नोकरीला, येण्याजाण्यात दोन-तीन तास जातात. नातवंडांसाठी पुण्याहून, नागपूरहून आजी-आजोबा चार-सहा महिने येऊन राहतात. मूल शाळेतून आले की त्याला जेवू घालायचे, झोपवायचे आणि शिकवणीला पाठवायचे, एवढेच काम त्यांच्याकडे असते. अभ्यासाचा विषय निघाला की आजी आपण होऊनच बाजूला होतात. ‘आम्हाला कुठे तुमचे इंग्रजी येते?’ कलिकुप्पमच्या मुलीला तरी डीएनए कुठे येत होता! आजीजवळ वेळ आहे, नातवाविषयी कौतुक आहे आणि खरोखरच न येणाऱ्या अनेक गोष्टी आहेत. नातवाने समजावून सांगावे असा याहून चांगला श्रोता शिकवणीची फी भरून मिळणार नाही.

घरातील बोलण्याचे मोल किती असते, हे लंडनमधील एका जुन्या पाहणीतही दिसले होते. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चार वर्षांच्या तीस मुलींचे बोलणे घरी आणि बालवाडीत ध्वनिमुद्रित केले. त्यांचे पुस्तक १९८४ साली प्रसिद्ध झाले. घरी आईजवळ या मुली तासाला सरासरी सव्वीस प्रश्न विचारत होत्या आणि बालवाडीत अवघे दोन. त्या बालवाड्या वाईट नव्हत्या, शिक्षिकाही प्रेमळ होत्या. पण तिथे प्रश्न विचारायचे काम शिक्षिकेचे असते, हे मुलींना चटकन कळले होते. आपल्याकडे चाळीस मुलांच्या वर्गात याहून वेगळे काय होणार? तेव्हा घरीही ‘आता पुरे, गप्प बस’ ऐकावे लागले, तर त्या प्रश्नांना जायला जागाच उरत नाही.

मोबाइलचा प्रश्न इथे येतोच. कालकाजीच्या भिंतीतील संगणक आणि आज मुलाच्या हातात असलेला फोन यांत एक मोठा फरक आहे. भिंतीतला पडदा चारचौघांत होता. एकाचे बोट आणि दहा जणांची तोंडे! एक चुकला की मागून तिघे ओरडत. मित्रांचा भरही पहिल्यापासून मुलांच्या गटावर आहे. फोन मात्र मूल एकटे, पांघरुणात डोके खुपसून पाहते आणि पुढे काय पाहायचे हेही यंत्रच ठरवते. तेव्हा फोन हिसकावून घेण्याआधी एक करून पाहावे. शेजारची दोन मुले बोलवावीत, बैठकीच्या खोलीत एकच मोठा पडदा द्यावा आणि आपल्याला ज्याचे उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न त्यांच्यापुढे टाकावा. ठाऊक असलेला प्रश्न मुले लगेच ओळखतात. तो त्यांना परीक्षाच वाटतो.

मात्र मोठ्या माणसांनी कौतुकाचे नाटक करून भागत नाही. स्वतःला कशाचे तरी कुतूहल हवे. वय झाले म्हणून ते नव्याने लागत नाही, असे मानणाऱ्यांनी प्रदीप कृष्ण यांच्याकडे पाहावे. ‘मॅसी साहिब’सारखा चित्रपट करणारे हे दिग्दर्शक. वनस्पतिशास्त्राचे शिक्षण नाही. चाळिशी उलटल्यावर त्यांना झाडे ओळखण्याचा नाद लागला. पचमढीच्या जंगलात सुरुवात झाली, मग ते दिल्लीचे रस्ते पालथे घालू लागले. २००६ साली त्यांचे दिल्लीच्या वृक्षांवरील पुस्तक आले. त्यात अडीचशेहून अधिक जातींची ओळख आहे. ते वाचून कितीतरी दिल्लीकरांनी आपल्या घरासमोरच्या झाडाचे नाव पहिल्यांदा विचारले असेल.

तेवढे करायला पुस्तकही लागत नाही. फेब्रुवारी सरता सरता दिल्लीत काटेसावर फुलते. पान एकही नाही आणि सारे झाड लाल फुलांनी भरलेले, त्यावर साळुंक्या-बुलबुलांचा गोंगाट. नंतर कडुनिंब आणि पिंपळाची पाने गळू लागतात. गारठ्यात नव्हे, ऊन तापू लागल्यावर. शाळेच्या पुस्तकात पानगळ थंडीआधी होते आणि सोसायटीच्या फाटकाशी ती मार्चमध्ये दिसते. हे असे का, हा प्रश्न आजीने नातवाला एकदा विचारून पाहावा. झाडू मारणाऱ्या मावशींनाही विचारायला हरकत नाही, त्यांना कोणते झाड कोणत्या आठवड्यात गळते ते पाठ असते.