प्रशिक्षकाच्या पगाराचा रकाना

आमच्या कारखान्यात सीएसआरसाठी, म्हणजे कंपनीनं सामाजिक कामावर करायच्या खर्चासाठी, येणाऱ्या अर्जांची छाननी माझ्याकडे असते. अर्ज वाचायचे, जागेवर जाऊन बघून यायचं आणि समितीपुढे टिपण ठेवायचं. कारखाना गुम्मिडिपूंडीच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत आहे. चेन्नईहून निघालेली लोकल एन्नोर, मिंजूर, पोन्नेरी, कवरैपेट्टै करत उत्तरेला इथवर येते, पुढे थोड्याच अंतरावर आंध्रची हद्द. भाताची शेतं, ओडिशा-बिहारहून आलेल्या कामगारांच्या खोल्या, श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची छावणी, हे सगळं या एका गावाच्या आसपास आहे. मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली. शाळा-कॉलेजात कबड्डी खेळले, त्यामुळे कबड्डीचा अर्ज आला की तो मी जरा जास्तच बारकाईनं वाचते.

अशा अर्जांचा साचा साधारण ठरलेला असतो. उद्दिष्टांमध्ये ‘मुलींचं सक्षमीकरण’ आणि ‘महिलांवरील अत्याचारांना आळा’. खर्चाच्या पानावर मॅट, टी-शर्ट, बूट, ट्रॉफी, मांडव, पाहुण्यांचा सत्कार. अगदी तळाला प्रशिक्षकाचं मानधन, तेही सहा-आठ महिन्यांपुरतं. बैठकीत कात्री लागते ती नेमकी याच ओळीला. ‘मुलं-मुली खेळायला लागली की वाईट गोष्टींपासून आपोआप लांब राहतात’, हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल! पहिल्या पानावरच्या उद्दिष्टांपैकी जे काही हाती लागायचं ते तळाच्या त्या ओळीतूनच लागतं, आणि म्हणून ती ओळ वाचवण्यासाठी मी भांडते.

खेळानं आपोआप काहीच होत नाही. इंग्लंडमधल्या लँकॅस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002, 2006 आणि 2010 या तीन फुटबॉल विश्वचषकांच्या काळातल्या पोलिसांकडच्या नोंदी तपासल्या होत्या. इंग्लंडचा संघ जिंकला किंवा सामना बरोबरीत सुटला त्या दिवशी घरगुती हिंसेच्या तक्रारी 26 टक्क्यांनी वाढल्या, हरला त्या दिवशी 38 टक्क्यांनी. आपल्याकडे तर 2023 च्या जानेवारीत देशातल्या नामवंत महिला कुस्तीगीर लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसल्या होत्या. मैदान म्हणजे सुरक्षित जागा, असं धरून चालता येत नाही. ते तसं करावं लागतं आणि त्याला माणूस लागतो, वेळ लागतो, पैसा लागतो.

गरज किती आहे ते सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) तमिळनाडूतल्या 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी 38.1 टक्के जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण 25.2 टक्के होतं. शिक्षणात, कारखानदारीत, बायकांच्या नोकऱ्यांत पुढे असलेल्या या राज्याचा हा आकडा आहे. आमच्या पाळीच्या बसमधून उतरणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आल्या की तो नुसता आकडा राहत नाही.

खेळातून हिंसा रोखण्याचं काम आपल्या मुंबईत नीट आखून, मोजून झालेलं आहे. त्याचं नाव ‘परिवर्तन’. मूळ कल्पना अमेरिकेतली, ‘कोचिंग बॉइज इंटू मेन’ नावाची. शाळेच्या संघाच्या प्रशिक्षकानं हंगामभर आठवड्यातून एकदा, सरावाला लागूनच दहा-पंधरा मिनिटं मुलांशी बोलायचं. विषय कार्डांवर लिहिलेले: अपमानाची भाषा, मुलींबद्दल मारलेल्या बढाया, राग, समोरच्याची संमती. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन या संस्थेनं हा कार्यक्रम मुंबईच्या क्रिकेटला बेतून घेतला. मुंबई शालेय क्रीडा संघटनेच्या शाळांमधले क्रिकेट प्रशिक्षक त्यात आले. गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये ‘अपनालय’ या संस्थेच्या मदतीनं वस्तीतलेच तरुण मार्गदर्शक तयार झाले. पैसा नायके फाउंडेशनचा होता.

या कामाची पाहणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. 10 ते 16 वयाच्या 309 मुलांना सुरुवातीला आणि वर्षानंतर तेच प्रश्न विचारले होते. काहींच्या प्रशिक्षकांना प्रशिक्षण मिळालेलं, काहींच्या नाही. ज्यांच्या प्रशिक्षकांना मिळालं होतं त्या मुलांची मुलींकडे बघण्याची नजर जास्त सुधारलेली दिसली. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एखादा मित्र मुलीची छेड काढत असताना हसून त्याला साथ देणं त्यांच्यात कमी झालं. आता दहा-बारा वर्षांचा मुलगा पुढे संसारात कसा वागेल हे वर्षभराच्या पाहणीत कळत नाही. पण अमेरिकेत थोड्या मोठ्या मुलांवर, सॅक्रामेंटो भागातल्या 16 हायस्कुलांत, हाच कार्यक्रम तपासला गेला. तिथे वर्षभरानंतर मैत्रिणीशी हिंसक वागण्याचं प्रमाणही प्रशिक्षण मिळालेल्या गटात कमी आढळलं. दोन्हीकडे मैदानं आणि चेंडू आधीपासून होतेच. नव्यानं पैसा गेला तो प्रशिक्षकाच्या तयारीवर.

पुढे शिवाजीनगरमध्येच मुलींसाठी ‘परिवर्तन’ झालं, तेही कबड्डीतून. खर्च ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतून झाला. वस्तीतल्याच तरुणी मार्गदर्शक झाल्या. त्यांच्यावरचा एक अभ्यास 2018 मध्ये छापून आला, तो मी पुन्हा पुन्हा वाचते. धाकट्या मुलींना घराबाहेर काढायच्या आधी या पोरींना स्वतःच्याच घरी भांडावं लागलं. संध्याकाळी बाहेर का, एवढा उशीर का, गल्लीतले लोक काय म्हणतील? काही जणींनी आईवडिलांची समजूत घातली. काही जणी घोळक्यानं एकमेकींच्या घरी गेल्या. काहींनी सुरुवातीला घरी पुरतं सांगितलंच नाही. एकेकटीला जे जमलं नसतं ते गटानं जमलं. वस्तीतल्या बायका ज्यांना ‘पोरगी कुठं चालली’ म्हणून टोकायच्या, त्याच पोरींकडे आपल्या मुली सोपवू लागल्या की समजायचं, काहीतरी हललं. हे हलायला महिन्यांमागून महिने जातात. हंगामी स्पर्धेत हे घडत नाही.

आता आमच्याकडचं. गेल्या वर्षी एक अर्ज तपासायला मी पोन्नेरीच्या बाजूच्या एका गावी गेले होते. सरकारी शाळेमागचं पटांगण. प्रशिक्षक मुलगी विशी-पंचविशीतली, जिल्हा पातळीवर खेळलेली. पहिली पाळी संपवून बसनं आलेली, अंगावरचा कारखान्याचा शर्ट तसाच. आल्या आल्या तिनं फक्कीचा डबा घेऊन मध्यरेषा आणि निदान रेषा आखल्या. अर्ध्या पटांगणात मुली, अर्ध्यात मुलगे. सगळे तिला ‘अक्का’ म्हणत होते.

मुलींचा पकडीचा सराव चालू होता. कबड्डीत दुसऱ्याचं अंग धरावंच लागतं, हा खेळच तसा. अक्कानं एक नियम घातला होता: सरावात कुणीही ‘वेंडाम’, म्हणजे ‘नको’ म्हणालं की त्या क्षणी पकड सोडायची, गुण कुणाचा ते मागाहून बघू. एका बारक्या मुलीनं चढाई केली. तिघींनी तिला घेरून कंबरेत धरलं आणि ती ओरडली. तिघींचे हात एकदम सुटले. खेळ थांबला. अक्कानं तिला विचारलं, ‘दुखलं की भीती वाटली?’ ती म्हणाली, ‘भीती.’ कुणी हसलं नाही. मग कंबरेऐवजी घोट्याची पकड कशी करायची हे दाखवून पुन्हा खेळ सुरू झाला. कुठला स्पर्श खेळातला आणि कुठला नाही, हे ज्या सहजपणे त्या पटांगणात बोललं गेलं, तितक्या सहजपणे ते एखाद्या वर्गात बोललं जाताना मी पाहिलेलं नाही. माझ्या खेळण्याच्या दिवसांत मला कुणी असं विचारलं असतं तर, असं वाटून गेलं.

तेवढ्यात मुलग्यांपैकी एकानं मुलींच्या हाफ पँटवरून काहीतरी म्हटलं, दुसरा फिदीफिदी हसला. अक्कानं शिट्टी मारून सगळ्यांना खाली बसवलं. बोलणाऱ्याला ती काहीच बोलली नाही. हसणाऱ्याला उभं केलं आणि विचारलं, ‘तुला त्यात काय आवडलं?’ त्याला उत्तर सुचेना. ‘पुढच्या वेळी हसायच्या जागी काय करशील?’ यावर सगळ्यांचं मिळून दहा मिनिटं बोलणं झालं. मुंबईच्या त्या पाहणीत मोजलेली गोष्ट माझ्यासमोर घडत होती. अक्कानं ती पाहणी वाचलेली नव्हती, पण चेन्नईच्या एका संस्थेकडून चार दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं होतं.

सराव संपला, पोरं पांगली. एक मुलगी मात्र बुटाची नाडी बांधत रेंगाळली. बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. अक्का तिच्याजवळ जाऊन बसली आणि मी लांब सरकले. दोघींचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, ठाऊक असायचं कारणही नाही. अक्काची बस चुकली एवढं मी पाहिलं. अर्जाच्या कुठल्याही रकान्यात त्या अर्ध्या तासाचा खर्च धरलेला नव्हता.

आणि तिथेच खरी जबाबदारी सुरू होते. मूल प्रशिक्षकाजवळ मन मोकळं करणार असेल, तर ऐकल्यावर काय करायचं हे प्रशिक्षकाला पक्कं माहीत हवं. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. विशी-पंचविशीतल्या मुलीनं हे एकटीनं पेलायचं नसतं. तिच्या पाठीशी समुपदेशक हवी, 1098 आणि 181 या मदत क्रमांकांपलीकडे ओळखीचं माणूस हवं. चेन्नईत 2001 पासून पीसीव्हीसी ही संस्था घरगुती हिंसेतून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसोबत काम करते. अशा संस्थेशी आधीच बोलणं करून ठेवावं लागतं आणि त्यांच्या वेळेचे पैसे अर्जात धरावे लागतात. प्रशिक्षक नेमताना त्याची चौकशी, तक्रार कुणाकडे करायची याची पाटी, मुलींना अंधार पडल्यावर घरी सोडणारी रिक्षा, दार लागणारं स्वच्छतागृह, हे सगळं त्यातच आलं. हे ज्या अर्जात नाही, त्याला मी आधी दुरुस्त करून आणायला सांगते, कितीही चांगली मॅट मागितलेली असो.

‘असा खर्च कायद्यात बसत नाही’ हे उत्तर मला समित्यांकडून, अगदी मोठ्या कंपन्यांच्या लोकांकडूनही, ऐकायला मिळतं. कायदा तसं म्हणत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाखाली येणाऱ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामावर घालायची असते. सरासरी नफा दहा कोटी असेल तर वर्षाला वीस लाख. सातव्या परिशिष्टात स्त्री-पुरुष समानता आहे आणि खेळाचं प्रशिक्षणही आहे. एकच काम दोन्हीत बसतं. उलट एकदाच होणारे मॅरेथॉन, पारितोषिकं यांसारखे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरता येत नाहीत, असं सरकारनं जून 2014 च्या परिपत्रकात लिहिलेलं आहे. म्हणजे ट्रॉफी आणि मांडव हीच अर्जातली सगळ्यात कच्ची बाजू.

मानधनाचं काय? कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयीन खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे आणि प्रशिक्षकाचा पगार त्यातच मोजायचा, असा एक गैरसमज आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयानं ऑगस्ट 2021 मध्ये खुलासा केला, की शिक्षणाच्या प्रकल्पातल्या शिक्षकांचा पगार हा त्या प्रकल्पाचाच खर्च आहे. प्रशिक्षकाला वेगळा न्याय लावायचं कारण मला दिसत नाही. शिवाय ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी घेतली तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं काम चालवता येतं. आठ महिन्यांचा हट्ट कायद्याचा नाही, आपलाच आहे.

लांब पल्ल्यासाठी पैसा लावल्याची उदाहरणं आहेत. दिल्लीत 2006 साली नाझ फाउंडेशननं स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या मदतीनं मुलींसाठी नेटबॉलचा ‘गोल’ कार्यक्रम सुरू केला. तो पुढे मुंबई-चेन्नईतही आला. त्यातून खेळून बाहेर पडलेल्या मुलींना वस्तीतल्या प्रशिक्षक म्हणून तयार केलं जातं. नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला. त्या ‘स्लम सॉकर’ला फिफाचा सन्मान मिळाला तो 2016 मध्ये. मधली पंधरा वर्षं कुणीतरी रोज मैदानावर उभं होतंच. चेन्नईच्या कण्णगी नगर या पुनर्वसन वसाहतीतली कार्तिका 2025 च्या ऑक्टोबरात बहरीनमध्ये आशियाई युवा स्पर्धेत भारताच्या मुलींच्या कबड्डी संघाकडून खेळली आणि संघ सुवर्ण घेऊन आला. पदकानंतर बक्षिसं जाहीर होतात आणि व्हायलाच हवीत. पदक न मिळवणाऱ्या शेकडो मुलींच्या संध्याकाळींसाठी मात्र कुणीतरी आधीच पैसे ठेवावे लागतात.

पोन्नेरीकडच्या त्या अर्जाचं टिपण मी पुन्हा लिहिलं आहे. मॅट काढली, कारण मातीवर चांगलं चाललंय. अक्काला कारखान्याच्या पगाराच्या तोडीचं, तीन वर्षांचं मानधन. तिच्या हाताखाली गावातल्याच दोन थोरल्या मुली, त्यांनाही पैसे. समुपदेशकाची महिन्यातून दोनदा फेरी. वर्षातून दोनदा प्रशिक्षण. रिक्षा. स्पर्धा शेवटच्या ओळीत, जमल्यास. कंपन्यांचा वर्षाचा आराखडा आर्थिक वर्ष सुरू होताना ठरतो, त्यामुळे असे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच हाती यायला हवेत. तुमच्या गावचं मंडळ असा अर्ज करणार असेल, तर प्रशिक्षकाची ओळ सगळ्यात वर लिहा आणि ती कापली तर बाकीचे पैसे नकोत, हेही त्यात लिहा.