कलमे अपुरी की तपास?

16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. गुन्हा राजारामपुरी पोलीस ठाण्यात नोंदला गेला. तपास आधी सीआयडीच्या विशेष पथकाकडे होता, 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तो एटीएसकडे सोपवला. खटला रेंगाळला आणि जानेवारी 2025 मध्ये प्रदीर्घ कैदेमुळे सहा आरोपींना जामीन मिळाला. खुनाचे कलम होतेच. कमी पडला तो तपासाचा आणि सुनावणीचा वेग.

तरीही जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. समर्थक म्हणतात, खुनानंतर शिक्षा देण्यापेक्षा घातक संघटनाच आधी रोखावी. छत्तीसगडमध्येही असा कायदा आहे. मुद्दा रास्त आहे. पण संघटनेवर बंदी घालण्याची तरतूद यूएपीए या केंद्रीय कायद्यात आहेच, माओवादी पक्षावर 2009 पासून त्याखालीच बंदी आहे. राज्याला केंद्राची वाट पाहावी लागू नये, एवढाच नव्या कायद्याचा खरा लाभ. त्यात सल्लागार मंडळाची चाळणी आहे, हेही मान्य. मात्र विधेयकाचा रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, आणि पानसरे खटल्यातले आरोप त्या दिशेचे नाहीतच.