वीस हजार डावी वळणं

इंडियानापोलिसचा रेसट्रॅक अडीच मैलांचा. चार कोपरे, चारही डावीकडे वळणारे. शर्यत २०० फेऱ्यांची, म्हणजे ५०० मैल, म्हणजे आपले ८०५ किलोमीटर. समृद्धीवरून मुंबई-नागपूर भरतं ७०१. तेव्हा नागपूर गाठायचं, वर आणखी शंभर किलोमीटर जायचं, आणि तेही जागच्या जागी गोल फिरत! एका शर्यतीत ८०० वळणं, उजवीकडे एकही नाही. बघणाऱ्यांसाठी अडीच लाखांहून जास्त खुर्च्या. वानखेडेसारखी सात स्टेडियमं आणून बसवा, तरी खुर्च्या उरतील.

या ट्रॅकवर आता एक माणूस सोडू. ए. जे. फॉइट, जन्म १६ जानेवारी १९३५, टेक्सासमधलं ह्यूस्टन. १९५८ साली तो इथे पहिल्यांदा उतरला तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायला दोन वर्षं अवकाश होता. शेवटचा उतरला १९९२ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, आणि तेव्हाही नववा आला. मधलं एकही वर्ष चुकलं नाही. सलग ३५! इतकी वर्षं न चुकता एकच फेरा करणारी माणसं आपल्याकडे वारीतच सापडायची.

करा बेरीज. पस्तीस शर्यतींच्या मिळून ४,९०९ फेऱ्या. गुणिले चार, म्हणजे १९,६३६ डावी वळणं. अंतर १९,७५० किलोमीटर. राजगुरुनगर ते पुणे बेचाळीस धरलं तर ४७० खेपा. मुंबई-पुणे दीडशे धरलं तर १३१. पण खेपा कशाला मोजायच्या? पृथ्वीचा घेर चाळीस हजार. राजगुरुनगरच्या भीमेकाठून निघून नाकासमोर जात राहिलो, तर पृथ्वीच्या बरोब्बर पलीकडे पोचायला तीनशे किलोमीटरसुद्धा उरत नाहीत. हे फक्त शर्यतीचं अंतर. सराव धरलेलाच नाही.

पैसे? १९६१ ला तो इथे पहिल्यांदा जिंकला, तेव्हाचं बक्षीस १ लाख १७ हजार डॉलरच्या पुढे. डॉलर होता पावणेपाच रुपयांचा. झाले साडेपाच लाख. आपल्याकडे सोनं तेव्हा दहा ग्रॅमला सव्वाशेच्या आत मिळायचं. म्हणजे पंचेचाळीस किलोच्या आसपास सोनं, एका दुपारचं! (बक्षिसातला मोठा हिस्सा गाडीमालकाकडे जातो, ते सोडा.)

जानेवारी १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला अपघात झाला, पाठीचा कणा मोडला. मे महिन्यात हा गडी इंडियानापोलिसला ताशी २५९.५ किलोमीटरने पात्रता फेरीत सगळ्यांच्या पुढे. त्या फेरीत चारच चकरा मारायच्या असतात. पण पुढचा आकडा बघा. १९७७ ला तो चौथ्यांदा जिंकला तेव्हा सबंध ८०५ किलोमीटरची सरासरी पडली २५९.६. टाक्या भरायला, टायर बदलायला थांबलेला वेळ धरून! ३ तास ६ मिनिटांत नागपूर आणि वर शंभर. आपली वंदे भारत १६० ला पोचली की बातमी होते.

१९६७ तर वेडंच वर्ष. ३१ मे ला इंडियानापोलिस जिंकलं, ११ जूनला फ्रान्समधलं ले मान्सचं चोवीस तासांचं मैदान मारलं. जोडीला डॅन गर्नी, दोघं आळीपाळीने चालवणार. गाडी फोर्डची, इंजिन सात लिटरचं. चाकणमध्ये बनणाऱ्या एक लिटरवाल्या सात गाड्यांची इंजिनं एका बॉनेटखाली कोंबल्यासारखं. एका दिवसात दोघांनी काटले ५,२३३ किलोमीटर. कन्याकुमारी ते श्रीनगर महामार्ग भरतो ३,७४५. म्हणजे देश उभा चिरून श्रीनगर गाठायचं, गाडी वळवायची आणि झाशीच्याही खाली उतरायचं. कालच्या चार वाजल्यापासून आजच्या चार वाजेपर्यंत!

पण थांबा, खरा आकडा अजून यायचाय. २७ ऑगस्ट १९८७, टेक्सासमधलं फोर्ट स्टॉकटन. फॉइटच्या हाती ओल्डस्मोबिलची एरोटेक, इंजिन अवघं दोन लिटर, चार सिलिंडर, जोडीला टर्बो. वेग ताशी ४१३.८ किलोमीटर. सेकंदाला ११५ मीटर. निमगावच्या घाटात बैलगाड्याची बारी अकरा-बारा सेकंदांत संपते. भंडारा खाली बसायच्या आत ही गाडी सव्वा किलोमीटर पार. राजगुरुनगर ते चाकण पावणेदोन मिनिटं. (तळेगाव चौकाचा सिग्नल धरलेला नाही, तो धरला तर सगळं गणितच कोसळतं.) राजगुरुनगर ते पुणे सहा मिनिटं. पुणे-नाशिक अर्धा तास. आणि मुंबई-पुणे? बावीस मिनिटंसुद्धा नाहीत! पुण्याहून सुटलेली डेक्कन क्वीन तेवढ्यात लोणावळ्यालाही लागत नाही.

फॉइट तेव्हा ५२ वर्षांचा होता.