अन्यायाचा कायदा पाळावा का?

‘कायदा पाळावा’ असे शाळेत शिकवताना एखादे पोर उठून विचारते, ‘गुरुजी, कायदाच अन्यायाचा असला तर?’ या प्रश्नाला बगल देऊ नये. आपल्या ईट-भूमकडच्या मुलांना तो आपल्याच मुलखाच्या इतिहासातून समजावता येतो.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. शेजारची बार्शी इंग्रजी अमलात. निजामी राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ नावाचा हुकूम होता. परवानगीवाचून सभा घ्यायची नाही! त्यामुळे संस्थानातल्या लोकांना आपली राजकीय परिषद १९२८ साली पुण्यात, तर १९३१ साली अकोल्यात भरवावी लागली. घरचे गाऱ्हाणे सांगायचे, तेही परक्याच्या ओसरीवर.

सप्टेंबर १९३८ मध्ये तर नवलच झाले. स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. आता दाद कुणाकडे मागायची? कायदा करणारे निवडण्याचा हक्क रयतेला नव्हता. तेव्हा २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. तुकड्या-तुकड्यांनी माणसे पुढे येत, ‘आम्ही स्टेट काँग्रेसचे’ असे उघड सांगत आणि तुरुंगात जात. आपल्याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ त्यांत होते. त्याच साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले.

आता कुणी म्हणेल, ‘मग मीही तारेवर आकडा टाकतो, विजेचा दर मला अन्यायाचा वाटतो!’ इथेच मेख आहे. आकडा टाकणारा अंधार पडायची वाट पाहतो, वायरमन दिसला की आकडा काढतो. सत्याग्रही दिवसाढवळ्या येतो, नाव सांगतो, कुणाला इजा करीत नाही आणि शिक्षा टाळत नाही. एकाला स्वतःची सोय हवी असते, दुसऱ्याला सर्वांसाठी कायदा बदलायचा असतो. जाचक वाटणारा प्रत्येक कायदा काही अन्यायाचा नसतो.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते, की घटनेचे मार्ग मोकळे असताना कायदेभंग आणि सत्याग्रह सोडले पाहिजेत. नाहीतर अराजक येईल. महाडला १९२७ साली सत्याग्रह करणाऱ्या नेत्याचे हे बोलणे आहे, हे विसरू नये.

आज मार्ग आहेत. ग्रामसभेत उभे राहता येते, मतदान करता येते, २००५ च्या कायद्याने माहिती मागता येते. मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा घटनेच्या कलम १३ नुसार टिकत नाही आणि आपल्या जिल्ह्याला उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ आहे. अर्थात, खंडपीठ लांब, वकील महाग आणि तारखा लांबत जातात, हेही खरेच. पण १९३८ साली दारच नव्हते. आज दार आहे, ते जड आहे. म्हणून आधी सर्वांनी मिळून ते ढकलावे. तरीही न उघडले आणि मनाला न पटणारे करणे भाग पडू लागले, तर ‘मी हे करणार नाही’ असे उघड म्हणावे आणि परिणाम सोसावा.

शिक्षकांनी मुलांना आज्ञाधारक जरूर करावे. पण कायदा कुणी केला, कशासाठी केला, हे विचारायलाही शिकवावे.