सर, गो-अराउंड!

जुलै महिना, संध्याकाळची दिल्ली-मुंबई फ्लाइट. खिडकीबाहेर ढगांचा नुसता चिखल. मग अचानक घाटकोपरच्या इमारती दिसतात, निळ्या ताडपत्र्या टाकलेली छपरं दिसतात, चाकं खाली आल्याचा धडधड आवाज येतो. आता टेकणार, टेकणार म्हणताना इंजिनं गरजतात, विमानाचं नाक वर होतं आणि मुंबई पुन्हा ढगाखाली गायब! शेजारचे काका हनुमान चालिसा सुरू करतात, मागून कुणीतरी ‘काय झालं? काय झालं?’ विचारतं. अशा वेळी एखादा पठ्ठ्या गालातल्या गालात हसताना दिसला, तर खुशाल समजा की तो विमानवेडा आहे.

ही जमात आपल्या आसपास बरीच आहे. ट्रेकर्स किंवा बुलेटवाल्यांसारखी ती मिरवत नाही, एवढंच. जुहू चौपाटीवर सगळे पाणीपुरी खात असताना हे लोक मान वर करून उभे असतात. इंजिनाच्या आकारावरून एअरबस की बोइंग ते ओळखतात, ‘व्हीटी’ने सुरू होणारा नंबर वहीत टिपतात. मोबाइलवर फ्लाइट ट्रॅक करायचं अॅप उघडंच असतं.

असाच माझा एक मित्र आहे, हिंजवडीत आयटीत. ‘नाव छापू नकोस, माझा मॅनेजर तुमचा अंक वाचतो,’ ही त्याची अट. रनवेवर २७ का लिहिलेलं असतं, हे त्याने मला जेवणाच्या ताटात चमचा फिरवून समजावलं होतं. रनवेची दिशा होकायंत्रावर २७० अंश, म्हणजे पश्चिम. त्यातलं शेवटचं शून्य काढलं की २७. तीच पट्टी उलट दिशेने वापरली की ०९. मुंबईत वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो आणि विमानाला उतरायला समोरून वारा लागतो, म्हणून ती घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात आणि उडणारी जुहूकडे जातात. सिंपल!

त्याच्या या वेडाचा ऑफिसात खरा उपयोग झाला तो जून २०२५ नंतर. टीममधली एक मुलगी महिन्यातून दोनदा पुणे-दिल्ली करायची. अहमदाबादच्या अपघातानंतर तिने विमान बंद केलं आणि सरळ झेलम एक्स्प्रेसचं तिकीट काढायला लागली. एका बाजूला दिवसभराहून जास्त प्रवास! बॉस वैतागला, पण भीतीला लॉजिक सांगून काय उपयोग? मित्राने तिला फक्त एक ऑफर दिली. रोज लंच टाइमला एक प्रश्न विचार, मी उत्तर देतो.

खिडकीबाहेरचा हात

पहिला प्रश्न अर्थातच, एवढं जड धूड वर राहतं कसं?

शाळेत शिकवलेलं आठवतंय? पंख वरून फुगीर असतो. त्यामुळे वरच्या हवेला जास्त अंतर कापावं लागतं. खालच्या हवेला मागच्या टोकाशी वेळेत ‘भेटायचं’ म्हणून ती जोरात पळते, मग दाब कमी होतो आणि विमान वर. ऐकायला झकास, पण यातला भेटीगाठीचा भाग चक्क थाप आहे. हवेच्या कणांनी एकमेकांना असं कसलंही वचन दिलेलं नसतं. खरं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागे पोहोचते. वर दाब कमी असतो हे बरोबर, पण कारण हे नव्हे. फुगीरपणातच सगळी जादू असती, तर एअर शोमधली विमानं उलटी कशी उडली असती?

त्यापेक्षा मोकळ्या रस्त्यावर कारच्या खिडकीतून तळहात सपाट धरून जरासा बाहेर काढा. (ड्रायव्हिंग दुसऱ्या कुणाला करू द्या. आणि एसटीत नको, तिथे सूचना लिहिलेली असते!) पुढची कड किंचित वर केली की हात आपोआप वर ढकलला जातो. हात हवेला खाली वळवतो, हवा हाताला वर लोटते. न्यूटनचा तिसरा नियम. कड फारच वर केली तर हात थरथरतो आणि वर जायच्या ऐवजी मागे ढकलला जातो. यालाच स्टॉल म्हणतात. त्याचा इंजिन बंद पडण्याशी काही संबंध नाही.

आता आकडे बघा. आपण नेहमी ज्यात बसतो त्या एअरबस ए-३२० निओचं उड्डाणाच्या वेळचं वजन जास्तीत जास्त ७९ टन आणि पंखांचं क्षेत्रफळ साधारण १२२ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर साडेसहाशे किलोचा भार. खूप वाटतो ना? पण जमिनीवर आपल्या भोवतालची हवा दर चौरस मीटरवर दहा टनांहून जास्त जोराने दाबत असते. त्यातला सहा-सात टक्क्यांचा फरक पंखाच्या वर आणि खाली पडला, की झालं काम.

आणि तो पंख हलतो त्याचं टेन्शन घेऊ नका. तो हलायलाच हवा. नेहमीच्या वापरात येऊ शकेल त्या सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार पंखाने पेलला पाहिजे, असा नियमच आहे. २०१० मध्ये बोइंग ७८७च्या पंखांची जमिनीवर अशी परीक्षा झाली, तेव्हा त्यांची टोकं साडेसात मीटरच्या आसपास वर वाकवली होती. दोन मजल्यांहून जास्त!

उंची म्हणजे बँक बॅलन्स

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न, इंजिन बंद पडलं तर?

विमान दगडासारखं खाली येतं, ही सिनेमावाल्यांची कृपा. दहा किलोमीटर उंचीवर सगळी इंजिनं बंद पडली, तरी प्रवासी विमान तरंगत दीडशे किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे पुण्यावर गडबड झाली तर मुंबई गाठता येईल, निदान हिशेबात तरी. जुलै १९८३ मध्ये कॅनडात हे खरोखरच घडलं. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये इंधन भरताना किलो आणि पौंडाचा घोळ झाला आणि ४१ हजार फुटांवर टाकी रिकामी! पायलटांनी ते ग्लायडरसारखं आणून गिमली नावाच्या गावातल्या जुन्या हवाई दलाच्या रनवेवर उतरवलं. सगळेच्या सगळे ६९ जण वाचले.

पण हा खेळ उंचीच्या भांडवलावर चालतो. टेकऑफनंतरच्या पहिल्या काही सेकंदांत खात्यात काहीच शिल्लक नसते. १२ जून २०२५ला अहमदाबादला ते दिसलं. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला आणि जमिनीवरची माणसं धरून २६० जीव गेले. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात नोंद आहे की, विमानाने जमीन सोडल्यावर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’कडे गेले. एका पायलटने दुसऱ्याला ते का बंद केलेस असं विचारलं, दुसऱ्याने मी केलं नाही असं सांगितलं. अहवाल तिथेच थांबला. व्हॉट्सअॅप मात्र थांबलं नाही. घरबसल्या कुणाला तरी दोषी ठरवणारे मेसेज तुम्हालाही आले असतील. माझ्या मित्राने यावर बोलायला साफ नकार दिला. विमानवेड्यांमधली ही शिस्त मला आवडली.

बॉसला कोण सांगणार?

इथपर्यंत सगळं फिजिक्स होतं आणि ते भरवशाचं आहे. मुलीचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. मग चुकतं कुठे?

१ जानेवारी १९७८, न्यू इयरची रात्र. एअर इंडियाचं ‘एम्परर अशोका’ हे जम्बो दुबईला जायला मुंबईहून उडालं. समोर काळा समुद्र, क्षितिज दिसत नाही. अशा वेळी आपण सरळ आहोत की कललोय, हे शरीराला कळत नाही. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा बिनधास्त खोटं बोलते. म्हणून पायलट उपकरणावर विसंबतो आणि नेमकं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलेलं होतं. विमान उजवीकडे कललंय असं ते दाखवत राहिलं, म्हणून ते डावीकडे वळवलं गेलं. को-पायलटसमोरचं उपकरण ठीक होतं. त्या उपकरणावर जाऊ नका, असं फ्लाइट इंजिनिअरने सुचवलंही. वांद्र्याच्या समुद्रात २१३ जण गेले.

त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९७७ मध्ये, स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो एकमेकांवर आदळली होती. ५८३ मृत्यू, आजवरचा सर्वांत मोठा विमान अपघात. केएलएमच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान बाजूला झालंय ना, अशी शंका काढली होती. कंपनीतल्या सर्वांत वजनदार कॅप्टनने ती उडवून लावली.

यातून एक नवाच विषय जन्माला आला, क्रू रिसोर्स मॅनेजमेंट. फंडा सोपा आहे. ज्युनिअरने बोललं पाहिजे आणि सीनिअरने ऐकलं पाहिजे. ऐकायला एचआरच्या ट्रेनिंगसारखं वाटतं ना? पण आपल्याकडे ‘सर, तुमचं चुकतंय’ हे तीन शब्द उच्चारायला किती धाडस लागतं, ते कुठल्याही सोमवारच्या मीटिंगमध्ये बघा. कॉकपिटमध्ये तेवढाही वेळ नसतो. म्हणून तिथे एक ठरलेला शब्द आहे, गो-अराउंड. म्हणजे उतरणं रद्द, इंजिनांना पूर्ण ताकद, पुन्हा वर. उतरताना ठरावीक उंचीपर्यंत वेग, उतार, दिशा हे सगळं जागेवर बसलेलं नसेल, तर दोघांपैकी कुणीही हा शब्द उच्चारायचा आणि विमान चालवणाऱ्याने वाद न घालता वर न्यायचं.

मे २०१०, मंगळूर. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान फार उंचावरून, फार वेगाने रनवेकडे येत होतं. को-पायलटने एकदा नाही, तीनदा गो-अराउंड सुचवलं. कॅप्टनने उतरायचं सोडलं नाही. टेकडीवरचा टेबलटॉप रनवे संपला, पुढे दरी. १६६ पैकी आठ जण वाचले. चौकशीत निघालं की त्या रात्रीच्या प्रवासात कॅप्टन बराच वेळ झोपले होते आणि झोपेची गुंगी पुरती उतरली नव्हती.

ऑगस्ट २०२०, कोझिकोड. तीच कंपनी, पुन्हा टेबलटॉप, धो धो पाऊस, पाठीमागून वारा. विमान निम्मा रनवे ओलांडून टेकलं. गो-अराउंडची हाक इथेही दिली गेली होती. दोन्ही पायलटांसह २१ जण गेले. चौकशी अहवालातली एक गोष्ट वाचून मी थबकले. दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट याच कॅप्टनला न्यायची होती, दुसरीकडे उतरलो तर ती चुकेल, या विचाराने त्या रात्रीचे निर्णय ओढले गेले, असं अहवाल म्हणतो. उद्याचं शेड्यूल! आपल्यातल्या कितीजणांचे निर्णय रोज तेच घेत असतं.

म्हणून तो हसत होता...

आता गो-अराउंडच्या वेळी विमानवेडा का हसतो, ते कळलं असेल. मुंबईत दोन रनवे आहेत, पण ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो आणि त्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं. पुढच्याला रनवे सोडायला जरा उशीर झाला, सरीबरोबर वारा फिरला किंवा रनवेचे दिवे वेळेत दिसले नाहीत, की मागचा वर जाणार. उलट उतरायचा हट्ट महागात पडतो. १ जुलै २०१९च्या रात्री स्पाइसजेटचं जयपूरहून आलेलं विमान पावसात मुख्य रनवेच्या पुढे घसरत गेलं. माणसं सुखरूप, पण रनवे काही दिवस बंद आणि अख्ख्या शहराचं वेळापत्रक कोलमडलं.

आणि आपण प्रवासी काय करतो? वीस मिनिटं उशीर झाला म्हणून एक्सवर शिव्या. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या, तेव्हा एअरपोर्टवरचा संताप रास्तच होता. लग्नं चुकली, इंटरव्ह्यू चुकले. पण त्याच्या मुळाशी होते पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम. आठवड्याला ३६ ऐवजी सलग ४८ तास सुट्टी, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. कंपनीने त्यांची तयारी नीट केली नव्हती, हा दोष कंपनीचा. नियमांना मात्र मी नावं ठेवणार नाही. सलग तिसऱ्या नाइट शिफ्टला तुम्ही कोड कसा लिहिता, ते आठवून बघा.

ती मुलगी आता पुन्हा उडते. भीती गेलेली नाही, असं ती स्वतःच सांगते. पण काही सवयी लागल्यात. सीटबेल्टची खूण विझली तरी पट्टा सैल बांधलेलाच ठेवायचा. मे २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर असताना पाच सेकंदांहून कमी वेळात ५४ मीटर खाली गेलं. पट्टा नसलेले आधी हवेत आणि मग खाली आपटले. मास्क खाली आला तर आधी स्वतःला लावायचा. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनमधल्या हवेचा दाब वाढवायचा स्विच लावायचा राहून गेला होता आणि तिसेक जणांच्या नाका-कानांतून रक्त आलं होतं. रात्री उतरताना दिवे मंद करतात ते रोमँटिक वाटावं म्हणून नव्हे, तर बाहेर पळायची वेळ आली तर डोळ्यांना अंधाराची सवय असावी म्हणून. आणि बसल्या बसल्या, दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजून ठेवायचं. धुरात दिसत नाही, हाताने चाचपत जावं लागतं.

२ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए-३५० रनवेवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानाचा पुढे जळून कोळसा झाला, पण त्याआधी आतले सगळे ३७९ जण बाहेर पडले होते. केबिन क्रू ओरडून सांगत होता आणि लोकांनी ऐकलं. बॅगा तिथेच सोडल्या. आपल्याकडे विमान टॅक्सी-वेवर असतानाच उठून वरच्या कप्प्यातून ट्रॉली ओढणाऱ्या मंडळींना हा व्हिडिओ जरूर फॉरवर्ड करा.