पार्टिशन आणि माउंट : समज व वस्तुस्थिती

लिनक्सच्या कमांड लाइनवरून डिस्कचे पार्टिशन करताना एक कळ चुकली की सारी माहिती तत्क्षणी नष्ट होते, हा समज अर्धाच खरा आहे. ‘एफडिस्क’ ही कमांड पार्टिशन टेबलमध्ये, म्हणजे डिस्कचा कोणता भाग कोठे सुरू होऊन कोठे संपतो याच्या कोष्टकात, केलेले बदल आधी केवळ मेमरीत ठेवते आणि ‘डब्ल्यू’ दिल्यावरच डिस्कवर लिहिते. तोपर्यंत ‘क्यू’ देऊन काहीही न बदलता बाहेर पडता येते. ‘पार्टेड’ मात्र प्रत्येक बदल लगेच लिहिते, आणि एफडिस्कची सवय असलेल्यांचा घात येथेच होतो. तरीही कोष्टकातील नोंद पुसली म्हणून फाइली पुसल्या जात नाहीत. विभागाच्या अचूक सीमा ठाऊक असतील आणि मध्यंतरी त्यावर दुसरे काही लिहिले गेले नसेल, तर तीच नोंद पुन्हा करून फाइली परत मिळवता येतात. अधिक गंभीर धोका ‘एमकेएफएस’चा आहे, कारण नवी फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची नावे व जागा सांभाळणारी रचना, जुन्या रचनेच्या नोंदींवरच लिहिली जाते.

डिस्कचे चारच मुख्य विभाग करता येतात, ही मर्यादा १९८३ मधील पीसी डॉस २.० पासूनच्या एमबीआर पद्धतीची आहे. जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते आणि कोष्टकाची प्रत डिस्कच्या शेवटी राखली जाते.

एकदा ठरवलेला आकार कायमचा असतो, हेही खरे नाही. व्हेरिटास कंपनीच्या व्हॉल्यूम मॅनेजरने अनेक डिस्कांची जागा एकत्र करून ती गरजेनुसार वाटण्याची सोय १९९० च्या दशकातच दिली होती, आणि लिनक्समध्ये तेच काम एलव्हीएम करते.

माउंट करण्याविषयीचा गोंधळ सर्वाधिक आहे. माउंट केल्याने फाइलींची नक्कल होत नाही, तर ती फाइल सिस्टिम एखाद्या डिरेक्टरीच्या ठिकाणी जोडली जाते. त्या डिरेक्टरीत आधीपासून असलेल्या फाइली तोवर दिसेनाशा होतात, पण ‘यूमाउंट’ करताच पुन्हा दिसतात. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे डिस्क सापडण्याच्या क्रमानुसार बदलू शकत असल्यामुळे, संगणक सुरू होताना काय जोडायचे हे सांगणाऱ्या ‘एफस्टॅब’ फाइलीत त्यांऐवजी फाइल सिस्टिमची यूयूआयडी ही ओळख लिहावी, आणि काढता येण्याजोग्या डिस्कसाठी ‘नोफेल’ हा पर्याय जोडावा, म्हणजे ती डिस्क नसली तरी संगणक सुरू होताना अडून राहत नाही.